चाकांवरचे घर आणि आसगावची एक रात्र

आमच्या काकूंचे माहेर भंडारा जिल्ह्यातील आसगाव. पवनी तालुक्यात ज्या सुपीक धानपट्टीला तिकडचे लोक ‘चौरास’ म्हणतात, त्या पट्टीतले हे गाव. काकूंचे वय आज ब्याऐंशी. लग्न होऊन त्या नागपुरास आमच्या घरी आल्या, त्याला साठ वर्षे होऊन गेली. मधल्या काळात त्यांचे भाऊ वारले, भाचे पुण्या-मुंबईकडे गेले, मालगुजारी तर त्यांच्या लहानपणीच, १९५१ साली, संपली होती. आणि दोन पावसाळ्यांपूर्वी वाड्याचा मागचा सोपाही बसला. तरी गेल्या दिवाळीपासून काकूंनी एकच धोशा लावला होता, “मला एकदा माहेरच्या अंगणात निजायचे आहे.”

मार्गशीर्षात जावे, धान कापणीला आलेले असते, हवाही सुखाची असते, असे घरातल्या शहाण्या माणसांनी सुचवून पाहिले. परंतु एकत्र कुटुंबात सर्वांची सवड एका वेळी जुळणे हा योग विवाहमुहूर्ताहूनही दुर्मीळ. आणि तो जुळला तो नेमका वैशाखात! ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची इच्छा ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणून टाळण्याचे धैर्य कोणासच झाले नाही.

वाड्यात राहण्यासारखी खोली उरली नव्हती. तेव्हा पुण्यास नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने तोड काढली. निजण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय असलेली मोठी मोटार भाड्याने मिळते; तिला कॅराव्हान म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली अशा गाड्यांतून पर्यटन करण्याविषयी धोरणही ठरविले आहे. आमच्या गाडीत चार माणसांचे बिछाने होते, छतावर हवा थंड करणारे यंत्र होते आणि मागच्या फळीवर एक विद्युज्जनित्र बांधलेले होते. नाव मोठे भारदस्त. घरात सारेजण त्याला जनरेटरच म्हणत. मध्यम आकाराच्या ट्रंकेएवढे, पेट्रोलवर चालणारे हे धूड. याच धुडाने पुढे आमची झोप उडविली, म्हणून त्याची ओळख आधी करून दिलेली बरी.

उमरेडवरून, कोळशाच्या खाणी डावी-उजवीकडे टाकीत, मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापुरावरून आम्ही पवनीस आलो. पवनी हे वैनगंगेच्या काठचे प्राचीन नगर. तेथील जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी १९६९-७० साली उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. जवळच गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची कोनशिला बसली. हे सारे पाहावे असे मनात होते. पण उन्हाचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेलेला, गाडीबाहेर पाय टाकताच भट्टीचे दार उघडल्याचा भास होई. किल्ल्याच्या दरवाजाला गाडीतूनच नमस्कार करून आम्ही पुढे निघालो.

चौरासातला उन्हाळा मात्र पाहण्यासारखा असतो. जेथे पाणी आहे तेथे उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्यागार, आणि लागूनच कोरड्या बांध्यांना हात जाईल एवढ्या भेगा. अधूनमधून मालगुजारी तलावांच्या पाळी दिसतात. या मुलखातील बरेचसे तलाव कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधले. वरच्या तलावाचे पाणी खालच्या बोडीत आणि तेथून शेतात असे उतरवीत नेण्याची त्यांची विद्या पाहून आजच्या इंजिनियरानेही हात जोडावेत. प्रत्येक घराच्या अंगणाशी तणसीचे ढीग रचलेले. भाताचे हे वाळलेले तणीस म्हणजे ठिणगीची वाट पाहत बसलेली दारूच, हे आमच्यासारख्या शहरी माणसाच्या ध्यानात येत नाही.

वाडा दिसताच काकू गाडीतून उतरल्या, उंबऱ्याला हात लावला आणि ओसरीवर बसून राहिल्या. त्यांना तेथून उठवणे आमच्या जिवावर आले. पण ओसरीही तापलेली होती. तेव्हा अखेर त्यांना, माझ्या वहिनींना आणि सहा वर्षांच्या नातीला थंड गाडीत बसविले. शेजारच्या घरून वीज घ्यावयाची असे ठरले होते. परंतु दाब इतका कमी की यंत्राचा पंखा नुसता कण्हत होता. म्हणून पुतण्याने जनरेटर खाली उतरविला.

येथे आमची पहिली चूक झाली. ऊन लागून यंत्र तापू नये म्हणून त्याने ते ओसरीच्या कोपऱ्यात, गाडी आणि भिंत यांच्यामध्ये, सावलीत ठेविले. आणि वर माठाला गुंडाळतात तसे ओले पोते टाकले! हेतू चांगलाच होता. अर्ध्या तासात यंत्र धापा टाकू लागले आणि बंद पडले. पुतण्याने पेट्रोलचा डबा उचलला. टाकी रिकामी झाली असावी असा त्याचा तर्क होता.

“थांबा जी!” असा आवाज आला आणि एका वृद्ध गृहस्थाने फाटकातून येऊन त्याचा हातच धरला. गावात त्यांना सारे ‘मिस्त्री’ म्हणतात. धानाच्या गिरणीवर आणि विहिरींवरच्या इंजिनांवर त्यांचा जन्म गेला. “तापल्या इंजिनात तेल वततेत का? एक थेंब त्या नळीवर पडला का तुमी बी गेले अन् हे तणीस बी गेलं.”

पुढचा अर्धा तास त्यांनी यंत्र निवू दिले. मग पोते काढून फेकले आणि आमची जी शिकवणी घेतली, ती छापील माहितीपुस्तिकेतही इतकी समजेलशी मला सापडली नाही.

त्यांचे म्हणणे असे. हे इंजिन पाण्याने थंड होत नाही, हवेने होते. कोपऱ्यात ठेविले की स्वतःच बाहेर टाकलेली ऊन हवा ते पुन्हा आत ओढते. जणू डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेला माणूस. “त्याले सावली पायजे, पन भिंत नको. मानसाले हवा पायजे तशी त्याले बी पायजे.” ओल्या पोत्याने हवेची छिद्रे बुजतात, शिवाय ओल आणि वीज यांची गाठ पडते ती वेगळीच. त्यांनी कडुनिंबाखाली, गाडीपासून वीस पावले दूर, वारा गाडीकडून यंत्राकडे वाहील अशा बेताने जागा निवडली. तेथले तणीस झाडून काढले, कारण धूर सोडणाऱ्या नळकांड्याच्या नुसत्या धगीनेही ते पेटते. नळकांड्याचे तोंड रिकाम्या शेताकडे केले. चार बांबू रोवून वर तट्टा टाकला. चारही बाजू मोकळ्या.

मग त्यांनी वंगणाची काडी काढून पाहिली. ती जवळजवळ कोरडी! पेट्रोल आहे की नाही हे आम्ही तीनदा पाहिले होते. वंगणाची आठवण एकालाही झाली नव्हती. उन्हाळ्यात वंगण पातळ होते आणि जळतेही अधिक. तेव्हा दर आठ तासांच्या चालण्यानंतर, यंत्र बंद करून आणि सपाट जागी ठेवून, ते पाहिलेच पाहिजे. वंगण कमी झाल्यास आपोआप थांबण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, आणि आमचे बंद पडले ते उष्णतेइतकेच यामुळेही. हवेची गाळणी उघडली तर तीत उमरेडपासूनची धूळ साठलेली. टाकीत पेट्रोल भरताना त्यांनी दोन बोटे जागा रिकामी ठेविली. उन्हात पेट्रोल फुगते आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतून पाझरते. अति उष्म्याने नळीतच त्याची वाफ होऊन इंजिनाचा घास अडतो, तेही त्यांनी सांगितले. अशा वेळी दोरी ओढओढून दमण्यापेक्षा ते निवू देणे हाच उपाय.

ओझ्याविषयी पुतण्याला थोडे ज्ञान होते. यंत्रावर लिहिलेली शक्ती ही सौम्य हवेतली असते. सुमारे तीस अंशांनंतर दर साडेपाच अंशांस एक टक्का या हिशेबाने ती घटत जाते. म्हणजे पंचेचाळीस अंशांत घट तीनेक टक्क्यांची; ती काही मोठी नाही. खरी अडचण दुसरीच आहे. उन्हाळ्यात थंड हवेचे यंत्र अधिक वीज मागते, आणि सुरू होण्याच्या क्षणी तर नेहमीच्या कितीतरी पट ओढते. त्याच वेळी वहिनी चहाची विजेची किटली लावीत आणि शीतकपाटही चालू असे! मिस्त्रींनी नियम घालून दिला: आधी इंजिन रिकामे चालवावे, मग थंड हवेचे यंत्र, ते स्थिरावल्यावर बाकीचे एकेक, किटली मुळीच नाही, पाऊण भारावर सुखी राहावे. बंद करतानाही भार आधी काढावा आणि पाच मिनिटे त्याला निवत चालू द्यावे.

आमच्या एका भाच्याने उत्साहाने सुचविले, की हीच तार वाड्याच्या भिंतीतल्या खोबणीत घातली तर सगळा वाडा उजळेल. मिस्त्री प्रथमच रागावले. तशी उलट घातलेली वीज घरात थांबत नाही. ती तारांवरून रोहित्रापर्यंत जाते, तेथे तिचा दाब वाढतो, आणि वीज बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या माणसाचा प्राण घेते. जोडायचेच तर दोन्हींतून एकच बाजू चालू राहील असा कळफलक जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा.

जाताना ते एवढेच म्हणाले, “याचा धूर दिसत नाई, तोच वंगाळ. दिसला असता तर मानूस पराला असता.” आम्ही हसून मान डोलावली. शिकवणी संपली की विद्यार्थी हसतो तसे!

संध्याकाळी पश्चिमेला काळोखी दाटली आणि वैशाखातले वादळ आले. दोन घटकांत फांद्या तुटल्या, तारा पडल्या, गाव अंधारात बुडाले आणि टपोऱ्या थेंबांचा पाऊस सुरू झाला. निंबावरचा तट्टा उडून गेला. भिजलेले जनरेटर विजेचा धक्का देईल ही पुतण्याची भीती योग्यच होती. त्याने ते बंद केले, पुसले, आणि... पुन्हा ओसरीच्या कोपऱ्यात आणले. “समोरची बाजू उघडी आहे, हवा आहेच की,” असे तो म्हणाला. आणि मीच कंदील धरून त्याला वाट दाखवीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. पावसाने उकाडा दुप्पट झालेला. गाडीच्या खिडक्या घट्ट लावून काकू, वहिनी आणि नात आत निजल्या. आम्ही पुरुषमंडळी अंगणापलीकडच्या पडवीत आडवे झालो. इंजिनाच्या एकसुरी घरघरीने उलट झोप लवकर लागली.

अडीचच्या सुमारास वहिनींनी हाक मारली. नातीला दोनदा उलटी झाली होती, काकूंचे डोके ठणकत होते आणि त्या काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. वहिनींना स्वतःलाही उभे राहवत नव्हते. सर्वांच्या तोंडी एकच निदान आले: ऊन लागले! विदर्भात वैशाखात दुसरे निदान सुचतच नाही. कोणी कांद्याचा रस तळपायांना चोळू लागले, कोणी पन्हे करावयास धावले. करोनाच्या साथीत घरोघरी घेतलेले, बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे ते चिमटे आमच्या औषधांच्या डब्यात होते. ते काकूंच्या बोटाला लावले. आकडा आला ९८. “मग छाती ठीक आहे,” म्हणून आम्ही निःशंक झालो, आणि दार लावून घेतले, कारण थंड हवा वाया जात होती!

मी आतच बसलो होतो. पाचसहा मिनिटांत माझ्या कपाळात कळ उठली. त्या क्षणी मला मिस्त्रींचे शब्द आठवले. गाडीत निजलेली तिन्ही माणसे आजारी, आणि बाहेर निजलेल्या आठांपैकी एकही नाही. ऊन तर आम्हां बाहेरच्यांनाच अधिक लागले होते. काकूंचे अंग हाताला लावून पाहिले, ते मुळीच तापलेले नव्हते. मी ओरडून जनरेटर बंद करविला, दारे-खिडक्या सताड उघडल्या, आणि तिघींना उचलून अंगणाच्या मोकळ्या टोकाला बाजेवर नेले. मग त्यांना मोटारीत घालून, काचा खाली करून, थेट पवनीचे सरकारी रुग्णालय गाठले.

तेथील तरुण डॉक्टरांनी हकीकत ऐकताच दुसरे काही न विचारता तिघींच्या नाकातोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढविले. पहाटेपर्यंत नात खेळण्याच्या बेताला आली. काकूंना सकाळी नऊपर्यंत ठेवून घेतले, आणि दुपारी पुन्हा दाखवून जाण्यास सांगितले. आमच्या शंकांना डॉक्टरांनी जी उत्तरे दिली ती प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावीत, म्हणून सविस्तर लिहितो.

पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो धुरातल्या इतर पदार्थांचा, आणि तो येत नाही म्हणून हा वायू नाही असे समजणे ही चूक. रक्तातल्या हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो; त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळाठा, भ्रम ही त्याची लक्षणे. आणि उन्हाच्या तडाख्याचीही थेट हीच. निजलेल्या माणसाला तर ही सूचनाही मिळत नाही. बोटावरचा चिमटा रक्ताचा रंग पाहून आकडा सांगतो. या विषाने भारलेले रक्तही तसेच लाल दिसते, म्हणून तो ९८ दाखवितो. त्याच्या भरवशावर राहू नये. एकाच जागेतली अनेक माणसे एकदम अशी आजारी पडली आणि बाहेर येताच त्यांना थोडे बरे वाटू लागले, तर आधी मोकळ्या हवेत जावे, मग डॉक्टरांकडे, पन्हे त्यानंतर.

ओसरीची एक बाजू उघडी होती, तरी वायू गाडीत कसा शिरला, हे मी दिवसा जाऊन पाहिले. नळकांड्याचे तोंड न्हाणीघराच्या झरोक्यापासून हातभर अंतरावर होते, आणि तो झरोका लागत नाही हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. वादळानंतर वारा पडला होता. मिस्त्रींनी वीस पावले का मोजली, ते तेव्हा कळले. जाणकार लोक निदान वीस फुटांचे अंतर सांगतात, आणि घराच्या ओसरीत, पडवीत वा मोटारखान्यात, दार उघडे ठेवूनही, जनरेटर चालवू नये असे बजावितात. पावसासाठी वेगळे उघडे छप्पर करावे. ते जमत नसेल तर यंत्र बंद ठेवून घामात रात्र काढावी. अमेरिकेत २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘लॉरा’ नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा लुइझियाना प्रांतात गेलेल्या बळींत वादळानंतर घराजवळ चालविलेल्या जनरेटरच्या धुराने मेलेल्यांचा वाटा फार मोठा होता. वादळातून वाचलेली माणसे दिव्याच्या सोयीने गेली! या वायूची चाहूल लागताच कर्कश वाजणारे, विजेरीवर चालणारे लहानसे यंत्र बाजारात मिळते. आमच्या गाडीत ते नव्हते आणि घेताना आम्ही विचारलेही नव्हते; चार दिवसांच्या भाड्यापुढे त्याची किंमत काहीच नाही.

पुतण्या दिवसभर कोणाशी बोलला नाही. संध्याकाळी काकूंनीच त्याला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरविला. “अरे, मी अंगणात निजायचे म्हटले होते. थंड पेटीत निजायचे मी कधी म्हटले होते?” यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. सहा महिने आम्ही त्यांची इच्छा पुरविण्याची तयारी करीत होतो आणि ती इच्छा काय होती हेच विसरलो होतो.

रात्री अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या. मिस्त्री आले. काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि त्यांच्या वडिलांचे नाव विचारले. ते ऐकताच म्हणाल्या, “म्हणजे तू आमच्या गिरणीवरच्या इंजिनवाल्याचा मुलगा! तुझा बाप आम्हां पोरांना इंजिनघराच्या उंबऱ्याशीही येऊ देत नसे. छडी घेऊन बसायचा.”

“हो जी. म्हून तं इंजिनाची खोली वाड्यापासून तेवढी दूर होती. अन् धुराचा नळ छपराच्या वर.”

त्या इंजिनघराचा चौथरा अजून आहे. वाड्याच्या फाटकापासून मी पावले मोजली, एकशे दहा भरली. आमचे जनरेटर त्या रात्री त्याच चौथऱ्यावर, उघड्या आभाळाखाली चालत होते. त्यावर एक पंखा आणि एक दिवा, एवढाच भार. दहाच्या सुमारास काकू उठून बसल्या आणि पुतण्याला म्हणाल्या, “आता तेही बंद कर बाबा. रातवा ओरडतो आहे, तो ऐकू येत नाही.”

तो उठला, आधी पंखा काढला, मग दिवा, आणि पाच मिनिटे इंजिन रिकामे चालू देऊन मग त्याने कळ फिरविली.